गुरुवारची सात पानं

लग्नघरात उष्ट्या पत्रावळींचा ढीग कधी लागतो ते कुणालाच कळत नाही. एक पंगत उठते, दुसरी बसते, आणि मांडवामागं जाऊन बघावं तर डोंगर! किस्स्यांचंही तसंच. मी काही ते गोळा करायला बसलो नव्हतो. मी बारकू, सापगावचा. चौथी नापास, शहापूर-मुरबाडकडच्या लग्नांतला आचारी. पण गेलं दीड वर्ष दर गुरुवारी मी जिथं जातो, तिथले किस्से आता इतके साठलेत की कुणाच्या तरी अंगावर ढकलल्याशिवाय चैन पडणार नाही. बसा. पळायचा विचार करू नका, दारात वाढपी उभा केलाय!

आधी जागा सांगतो. शहापूरला बाजाराच्या मागं एक हॉल आहे. दर गुरुवारी तिथं एका संस्थेच्या आहाराच्या मॅडम येतात. आमच्या दोन तालुक्यांतली सात पोरं आपापल्या आयांबरोबर जमतात. सगळ्यांना कॅन्सरची औषधं चालू. मॅडम त्यांचं वजन करतात, दंडाला पट्टी गुंडाळून घेर मोजतात, आयांना काय शिजवायचं ते शिकवतात, आणि दुपारचं जेवण तिथंच होतं. त्या सातांतली एक माझी नात, तनू. सात वर्षांची. ब्लड कॅन्सर.

हां, तोंडं पाडू नका. आमच्या हॉलमध्ये तोंड पाडणाऱ्याला भांडी घासायला लावतात.

* * *

पहिल्या गुरुवारी मी नुसता सोबतीला गेलो होतो. सून तनूला घेऊन आत, मी दारात. तेवढ्यात कुणीतरी खिचडीच्या पातेल्यावरचं झाकण काढलं, आणि माझ्या नाकाला राहवेना.

"मॅडम," मी म्हटलं, "या खिचडीनं पेशंट नक्की बरा होणार. परत खायला लागू नये म्हणून!"

आया हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. पंचविशीची पोरगी, चष्मा, काखेत वही. तिनं सरळ डाव माझ्यापुढं धरला. "मग पुढच्या गुरुवारी तुम्हीच करा, आजोबा."

केली! सगळे नियम ऐकून केली. पाणी उकळलेलं. भाजी तीनदा धुतलेली. कच्चं काही नाही, वरून कोथिंबीर भुरभुरायची सोय नाही. तिखट नाही, कारण औषधानं पोरांची तोंडं आतून सोललेली असतात. डाळ, तूप, शेंगदाणे मात्र सढळ, कारण ही पोरं घास दोनच घेणार, तर त्या दोन घासांत चार घासांची ताकद पाहिजे. सगळं पाळलं. फक्त एक विसरलो. उभ्या जन्मात मी दोनशे पानांच्या खाली स्वयंपाक केला नव्हता. हात आपला सवयीनं पडत गेला!

त्या दिवशी भाजीवाल्या, हमाल, रिक्षावाले, सगळा बाजार खिचडी खाऊन गेला. एकानं तर जाताना विचारलं, "नवरी दिसली नाय कुठं?"

आणि सात पोरांनी मिळून एक वाटी संपवली. नीट भरलेलीही नव्हती.

मॅडम माझ्याजवळ येऊन बसल्या. "खिचडी झकास झालीय, आजोबा. प्रश्न खिचडीचा नव्हताच."

* * *

मग प्रश्न कशाचा? मी तनूलाच विचारलं, "का गो, आज्याच्या हातचं नको झालं?"

"तसं नाय आज्या. सगळंच विळा चाटल्यासारखं लागतं."

औषधानं जिभेची चव बदलते, असं मॅडम म्हणाल्या. माझ्या डोक्यात काही शिरेना. घरी आलो, विळा धुतला, आणि चाटला. नेमकी त्याच वेळी आमची गंगू, म्हणजे तनूची आजी, मागल्या दारानं आली.

"अगो बाय! म्हातारा विळे चाटायला लागला!"

वर गुळाचा खडा खाल्ला तरी तोंडातलं लोखंड जाईना. पोरगी हे दिवसभर सोसते, आणि आम्ही म्हणतो, खा गो, खा गो! त्या दिवसापासून तिच्या ताटातला स्टीलचा चमचा बंद. मी शिवणीच्या लाकडाचा चमचा कोरला. आचाऱ्याचा हात, माप थोडं चुकलं.

तनूनं तो उलटापालटा करून बघितला. "आज्या, हा चमचा नाय, वल्हं हाय!"

* * *

आता काय अडलं होतं ते सांगतो. मॅडमच्या त्या पट्टीवर तीन रंग आहेत. हिरवा म्हणजे बरं, पिवळा म्हणजे सांभाळा, लाल म्हणजे धोका. तनूचा दंड पिवळ्यात, पण लालच्या कुंपणाला टेकलेला. मुंबईच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की औषधाचे मोठे राऊंड अजून बाकी आहेत, अंगात ताकद असली तरच पोरीला झेपतील. लालमध्ये गेली तर नाकातून नळी घालून पातळ अन्न द्यावं लागेल.

नळी वाईट नाही. मॅडमनी शंभरदा समजावलं. आमच्यातल्या यशला घातली होती, चांगला भरला पोरगा. पण तनूनं ती घालताना बघितली होती. घरी येताना रिक्षात माझा सदरा मुठीत धरून म्हणाली, "आज्या, नळी नको हां."

"मग खा की!"

"खाते ना."

खायची हो. आमच्यावर उपकार म्हणून खायची. दोन घास माझे, एक आजीचा, एक आईचा, संपलं. पूर्वी शाळेतून आली की दप्तर ओट्यावर आणि "आजी, भूक!" ही आरोळी तिसऱ्या घरापर्यंत. तेव्हा गंगू करवादायची, "पोटात वाघ हाय का तुझ्या?" आता दुपारी शाळा सुटायच्या वेळेला तीच गंगू चुलीपुढचं काम थांबवून दाराकडं बघत राहते. शाळा तर बंदच आहे पोरीची. ती घरातच असते, तिच्या मागं बसलेली.

* * *

तनू खोडकर आहे. ते आमच्या रक्तातच आहे. डॉक्टर तिच्या रक्तात काय काय शोधतात, हे कसं त्यांना दिसत नाही देव जाणे!

मॅडमनी दिवसाला तीन शेंगदाण्याचे लाडू सांगितले होते. तनू रोज तीन संपवायची. गंगू खूश, सून खूश, मी खूश. पट्टी मात्र जागची हलेना. पंधरा दिवसांनी शेजारचा पांडू मला म्हणाला, "बारकूदादा, माझी शेळी सकाळ झाली की दावं तोडून तुमच्या खिडकीशी येते. काय जादू केली?"

शेळीच्या अंगावर अशी तुकतुकी आली होती!

मी तनूला पकडलं. तर म्हणते कशी, "आज्या, ती खाताना किती खूश असते! मला बघायला आवडतं."

 

* * *

आता माझा गाढवपणा. एका गुरुवारी वाटलं, आज काटा खाली जाणार आणि नळी येणार. मी काय केलं, तनूच्या फ्रॉकच्या दोन्ही खिशांत एकेक मोठा बटाटा घातला. तनू काट्यावर अशी उभी राहिली, जसा मुरबाडच्या जत्रेतला पैलवान!

मॅडमनी वजन लिहिलं. पट्टी लावली. परत काट्याकडं बघितलं. मग शांतपणे तनूच्या खिशात हात घातला.

सगळ्या आया हसायला लागल्या. मीही हसलो. "मॅडम, लेकराला बटाट्याची भाजी आवडते, म्हणून सोबत ठेवते!"

मॅडमनी मला बाजूला घेतलं. आवाज चढवला नाही. "आजोबा, औषध किती द्यायचं ते वजनावरून ठरतं. मुंबईत परत वजन करतात म्हणून ठीक. नाहीतर दोन बटाट्यांचं जास्तीचं औषध तिच्या अंगात गेलं असतं."

जन्मभर लोकांच्या पंगतीत मिठाच्या जागी साखर ठेवली, नवरदेवाचे जोडे पातेल्यात लपवले, कधी कुणाचं वाईट झालं नाही. त्या दिवशी मी पायरीवर बसलो तो उठलो नाही.

शेवटी मॅडमच बाहेर आल्या. बटाटे माझ्या हातात ठेवले. "उकडून, कुस्करून, वर लोणी. दोन चमचे खाल्ले तरी पुष्कळ. उठा!"

* * *

यशचे वडील जाधवसाहेब. सरकारी ऑफिसात नोकरी, रोजचं जाणं-येणं, आणि प्रवासभर मोबाईल. त्यात कुणीतरी सांगितलं की कॅन्सर साखरेवर जगतो. झालं! नळी काढल्यावर यशचा गूळ बंद, केळं बंद, दूध फिकं. पोरगा परत उतरायला लागला.

मॅडमनी बोलावून घेतलं.

"मॅडम, व्हिडिओत प्रॉपर सांगितलं होतं. कॅन्सर साखरेवर जगतो."

"बरं. आणि यश कशावर जगतो?"

जाधवसाहेबांनी मोबाईल खिशात घातला. पुढच्या गुरुवारी रजा टाकून आले, हातात डबा. "शिरा आणलाय. मी स्वतः केलाय. आयुष्यात पहिल्यांदा!"

मी आचारी, चाखायचा मान माझा. चाखला. "साहेब, शिरा समुद्रावर बसून केला काय?" साखरेचा नि मिठाचा डबा शेजारी शेजारी असणार, दुसरं काय!

साहेब डबा ओढायला धावले. पण यशनं तोवर दोन घास घेतले होते, आणि तो तिसरा घेत होता.

"पप्पा, राहू दे ना. किती दिवसांनी कशालातरी चव लागली."

* * *

पोरांनी तोंड उघडावं म्हणून मी एकदा हॉलमध्ये लग्न लावलं. रिकामी बादली घेतली, खांद्यावर पंचा टाकला आणि ओरडलो, "चला, पंगत बसवा! आज मॅडमचं लग्न!"

"नवरा कोण?" पोरांचा गलका.

"वजनकाटा! दर गुरुवारी त्याच्याशिवाय कुणाकडं बघत नाहीत!"

मॅडम लाल झाल्या, पण वही बाजूला ठेवून सातांबरोबर मांडी घालून बसल्या. मी म्हटलं, आज जे मागाल ते मिळेल. आणि पोरांनी मागायला सुरुवात केली. यश म्हणाला वडापाव, गाडीवरचा, लाल चटणी मारून. मुरबाडकडचा गणू म्हणाला करवंदं, काट्यांतून तोडलेली, न धुतलेली. तनू म्हणाली कैरी, मीठ-मसाला लावून, दगडानं फोडलेली. इतके दिवस जे जे बंद, ते सगळं त्या सात पानांवर आलं. मी बादलीतून हवा वाढत होतो, पोरं हवा खात होती, बोटं चाटत होती. आणि प्रत्येक हवेच्या घासामागून सून खऱ्या नाचणीच्या खिरीचा एक चमचा पुढं करत होती. गेला की पोटात! अशी खीर त्या हॉलनं कधी संपलेली बघितली नव्हती.

शेवटी मी मठ्ठा घेऊन निघालो. "मठ्ठाऽऽ! थंडगार मठ्ठाऽऽ!"

डोंगरातल्या पाड्यावरची बुधी, पाच वर्षांची, तिनं आपल्या पानावर दोन्ही हात आडवे धरले.

"मला नको. बाहेरचा हाय. मॅडम वरडंल."

* * *

हीच बुधी. तिला एकच ध्यास, खेकडे. ओढ्यातले, तिच्या बापानं पकडलेले. झोपेतही खेकडेच मागते, असं तिची आई सांगायची. मॅडमनी डॉक्टरांना विचारलं आणि परवानगी आणली. जिवंत असतील, समोर शिजवले, आतपर्यंत शिजवले, तर थोडेसे चालतील.

झालं! पुढच्या गुरुवारी बुधीची आई डबा घेऊन हजर. डब्याला फडकं बांधलेलं. आता फडक्याची गाठ कुणी सैल केली ते मला माहीत नाही. माझ्याकडं कशाला बघताय?

खेकडे हॉलभर! आया खुर्च्यांवर, जाधवसाहेब खिडकीत, आणि मॅडम उडी मारून वजनकाट्यावर. मी चष्मा लावून काट्यात वाकून बघितलं. "वा मॅडम! लग्न मानवलं तुम्हाला!"

बुधीनं एकटीनं सगळे खेकडे मागून धरून डब्यात टाकले. हाडं दिसणारे ते हात, पण एकाही खेकड्याची नांगी लागू दिली नाही. मी हळद, मीठ घालून पातळ कालवण केलं, पुष्कळ वेळ रटरटवलं. तिनं एकच डेंगा, म्हणजे मोठी नांगी, घेतला. तो चोखत चोखत आईच्या मांडीवर झोपली. आई तो तोंडातून काढायला गेली, तर झोपेतच दात घट्ट केले.

त्या दिवशी तिचं जेवण एवढंच. मॅडमनी वहीत काय लिहिलं ते मला वाचता आलं नाही. चष्मा पुसत होत्या त्या.

* * *

गणूची आई लता शेंगदाणे-राजगिऱ्याचे लाडू करायची. सातांसाठी सगळे तिच्याच हातचे. मी दर वेळी एक लाडू जमिनीवर टाकून ओरडायचो, "लता, फरशी फुटली गो! संस्था भरून मागंल!" गणू खो खो हसायचा, आणि हसता हसता त्याच्या तोंडात अर्धा लाडू सरकवता यायचा. लता मला शिव्या द्यायची. असा आमचा कार्यक्रम.

पावसाळ्याच्या तोंडाला गणू गेला.

लता दोन महिने आली नाही. येईल असं वाटलंच नव्हतं. एका गुरुवारी मुरबाडवरून एसटीनं आली, मांडीवर डबा. कुणाशी न बोलता कोपऱ्यात बसली आणि लाडू ताटात मांडले. मी जवळ गेलो. मला काय बोलावं सुचेना. मी, बारकू! "कशी हायेस, बाय?" एवढंच म्हटलं. एक लाडू उचलला, हळूच खाल्ला. "चांगला झालाय."

लतानं वर बघितलं.

"आजा, तुमीपण?" ती म्हणाली. "सगळे माझ्याशी असेच बोलतात. फरशी फुटली म्हणा ना."

मी लाडू टाकला. ओरडलोही. आवाज जरा फाटका आला, पण पोरं हसली. लता डोळे मिटून ते हसणं ऐकत राहिली. त्यात तिला हवं होतं ते नव्हतं. तरी पुढच्या गुरुवारी आली. अजून येते.

* * *

आता हा एक सांगतो आणि उठतो.

आमच्या घरात नव्या भाताचा नियम आहे. शेतातला नवा तांदूळ शिजला की आधी देवाला, मग पितरांना, मग गाईला. तोवर घरात कुणी शीत तोंडात घालायचं नाही. गंगू त्या बाबतीत फार कडक. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी गंमत म्हणून पातेल्यातलं एक शीत उचलून खाल्लं, तर तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी बोलली ते ऐकून वाटलं, आधीचंच बरं होतं!

यंदा भात झोडून झाला. गंगूनं तांदूळ सडून घेतला, न्हाऊन चूल पेटवली, भात केला. देवापुढं केळीचं पान, पानावर भाताची मूद, वर तूप. वाफा निघत होत्या. नव्या भाताचा वास कसा असतो ते आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. नैवेद्य दाखवायचा थोरल्या मुलानं. म्हणजे तनूच्या बापानं. तो कामावरून येऊन अंघोळीला गेलेला. आम्ही सगळे त्याची वाट बघत बसलेलो.

आठवडाभर तनूचे हाल होते. तोंडात फोड, नुसतं पाणी गिळताना डोळ्यांत पाणी. सोमवारी मॅडमचा फोन येऊन गेला होता की या गुरुवारी पट्टी लालमध्ये गेली तर शुक्रवारी मुंबईला जायचं, नळी घालायला. पिशवी भरून दारामागं ठेवली होती. तनू भिंतीला टेकून बसलेली, डोक्याला आजीचा रुमाल.

तिनं नाक वर केलं. एकदा वास घेतला. परत घेतला.

"आजी," ती म्हणाली, "भूक लागली."

सून होती तिथं उभी राहिली. मी कानाला हात लावला, खरं ऐकलं का ते बघायला. मोरीतला पाण्याचा आवाज चालूच होता.

"तो भात दे ना," तनू म्हणाली. "तोच."

गंगू उठली. देवापुढचं पान उचललं. अख्खं, तूप-भातासकट. तनूपुढं बसली, भात बोटांनी मऊ मऊ कुस्करला, फुंकर मारून पहिला घास दिला. तनूनं डोळे बारीक केले, दुखलं असणार, पण गिळला. मग दुसरा. मग पानच स्वतःकडं ओढलं.

मला राहवलं नाही. सवय जाते कुठं! "गंगे," मी म्हटलं, "अगो, देव उपाशी राहिला ना!"

तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तांदळाचा डबा उघडला, आणि देव्हाऱ्याकडं मान वळवून म्हणाली,

"थांब जरा. तू काय, दर वर्षी खातोस. दुसरं आधण ठेवते."